अक्कांचे कागद

बेंगळूरच्या आमच्या मराठी मंडळात मराठीची काळजी वाहणारे पुष्कळ होते. सर्वांत मोठ्या आवाजात काळजी वाहायचे ते सेक्रेटरी. जन्म इथलाच, सरकारी कारखान्यात इंजिनिअर, आणि मायबोलीवर बोलायला उभे राहिले की हमखास गळा दाटून यायचा. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आलो. घरी कंप्युटर असण्याच्या गुन्ह्याबद्दल मंडळाच्या दिवाळी अंकाचं टायपिंग माझ्या गळ्यात पडलं.

मराठी टाइप करण्याचं सॉफ्टवेअर तेव्हा पुण्यातला एक माणूस तयार करून विकायचा. त्याच्याबरोबर प्लास्टिकचं छोटं लॉक मिळायचं. ते कंप्युटरच्या मागे खोचलं तरच अक्षरं उमटत. सेक्रेटरींनी कुठूनशी लॉक न लागणारी सीडी पैदा केली.

"काका, ही चोरीची आहे," मी म्हणालो.

"चोरी कसली रे? त्याच्याकडची कमी झाली का? आणि आपण मराठीसाठीच वापरतोय ना! स्वल्प अ‍ॅडजस्ट कर."

केलं मी अ‍ॅडजस्ट. ऑफिसात परदेशी ग्राहकांना लायसन्सच्या अटी समजावून सांगणाऱ्या मी घरी येऊन ती सीडी निमूटपणे आत सरकवली. तिच्याबरोबर आणखी काय आत येतंय, हे तपासायची तसदीही घेतली नाही.

अंकात वाचण्यासारखा लेख एकच होता, अक्कांचा. अक्का मंडळातल्या सर्वांत जुन्या. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. उरलीसुरली जायच्या आत, लग्न होऊन या गावात आल्यापासूनचं सगळं त्यांनी लिहून काढलं होतं. जाड स्केचपेनने, एका पानावर चार-पाच ओळी, त्याही एकमेकींवर चढलेल्या. के. आर. पुरमच्या बिऱ्हाडात पहिल्या दिवशी पाणी कुठे मिळतं हे विचारायलाही शब्द नव्हता आणि शेजारणीने कन्नडमध्ये दटावून जेवायला बसवलं, तिथून सुरुवात होती. कागदांचा गठ्ठा उशीएवढा झाला होता. टाइप झाल्यावर मी तो रद्दीवाल्याला दिला. सगळं कंप्युटरमध्ये आहे की, पसारा कशाला! इतका मी शहाणा.

अंक छापायला द्यायच्या आठवड्यात कंप्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने ती सीडी पाहिली आणि तो हसलाच. व्हायरस तिच्यातूनच आला होता. बाकीचे लेख ज्याच्या त्याच्याकडे कागदावर होते. अक्कांच्या लेखाची फाइल त्याने कशीबशी फ्लॉपीवर काढून दिली, पण उघडली की नुसते चौकोन. "ज्यांचं सॉफ्टवेअर आहे तेच हे नीट करून देतील," तो म्हणाला.

मी पुण्याला फोन केला. माणूस सज्जन निघाला. "फ्लॉपी पाठवून द्या, बघतो मी. लॉकवरचा नंबर तेवढा सांगा."

मी फोन ठेवून दिला.

"मंडळाचं नाव सांगितलंस का?" सेक्रेटरींनी पहिलं हेच विचारलं. अक्कांचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. आता तरी रीतसर एक प्रत विकत घेऊ या, असं मी म्हटलं. "म्हणजे आधीची चोरीची होती, हे आपणच लिहून दिल्यासारखं! उद्या पोलिस आले तर? माझी पेन्शन आहे बाबा. सगळं पुसून टाक." मराठीसाठी प्राण द्यायला निघालेला हा गृहस्थ एका फोनने घामाघूम झाला. त्यांचा तिरस्कार करणं सोपं आहे, मी अजूनही करतो. पण पुसलं मी. फ्लॉपीसकट. नोकरी मलाही प्यारी होती.

बाकीचे लेख छापखान्यातच जुळवून घेतले आणि अंक निघाला. अक्कांच्या पानांवर सेक्रेटरींचा मराठीच्या जतनाबद्दलचा लेख होता.

अक्कांना सांगायला मीच गेलो. काहीतरी तांत्रिक अडचण आली, अशी थाप मारली. त्या रागावल्या नाहीत. अंकाची पानं बोटांनी चाचपत म्हणाल्या, "सरी, असू दे, नाही छापलं तर नाही. तुम्हा मुलांना कामं असतात. माझे कागद तेवढे आणून दे. नातीकडून वाचून घेईन."

"उद्या आणतो," मी म्हणालो.