रविवारी जमिनीखाली

सहलीहून गाडी परत आली की आमचा ड्रायव्हर सेल्वम ती झाडतो, आणि सीटखाली हमखास काहीतरी सापडतं. एकच कानातलं, अर्धी चिक्की, कुणाचा तरी वाचायचा चष्मा. या वस्तू मी ज्याच्या त्याला पोचवते. किस्से मात्र परत न्यायला कुणी येत नाही, ते माझ्याकडेच साठत राहतात. आता इतके झालेत की थोडे वाटून टाकलेले बरे.

आधी आमच्याबद्दल सांगते. मी मूळची मिरजेची. नवऱ्याला इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईत आलो आणि वेलचेरीत राहिलो. इथल्या मराठी मंडळींसाठी मी रविवारच्या सहली काढते. टेम्पो ट्रॅव्हलर, बारा माणसं, सकाळी सहाला निघायचं, दिवेलागणीला परत. तीन गोष्टी ठरलेल्या असतात: जमिनीखालचं किंवा डोंगराच्या पोटातलं एखादं ठिकाण, त्या गावचं खाणं आणि त्या जागेची दंतकथा. माहिती मी सांगते. दंतकथा सांगतात रावमामा.

रावमामा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेत. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचे पूर्वज तिकडे जाताना जी मराठी घेऊन गेले ती त्यांनी जपून वापरली आहे, आणि जिथे कमी पडली तिथे तमिळ भरली आहे.

*

पहिल्या सहलीला रावमामा साधे प्रवासी म्हणून आले होते. आम्ही महाबलीपुरमच्या गुंफा बघायला गेलो होतो. मी पंधरा दिवस पुस्तकं वाचून तयारी केली होती. गुंफेत उभी राहून मी खांबांचे प्रकार सांगायला लागले. चौकोनी बैठक, मध्ये अष्टकोन, वर कलश. सगळे माना डोलावत होते.

तेवढ्यात मागे कोपऱ्यात मामा शेजारच्या बाईंना हळूच काहीतरी सांगायला लागले. एका शिल्पकारानं शेवटचा सिंह अर्धाच का सोडला, त्याची गोष्ट होती. त्याची बायको रोज जेवायला हाक मारायची, तो रोज 'आलोंच' म्हणायचा आणि यायचा नाही. एक दिवस तिनं हाक मारलीच नाही. त्यानं छिन्नी खाली टाकली आणि घराकडे पळाला, तो परत आलाच नाही.

एकेक जण मागे सरकत गेला. मी अष्टकोनापर्यंत पोचले तेव्हा समोर चारच माणसं होती. कलशापर्यंत आले तेव्हा एकटा माझा नवरा उरला होता, आणि तोही मान मागे वळवून विचारत होता, "मग पुढे काय झालं?"

त्या दिवसापासून मामा आमच्या टीममध्ये आहेत.

*

मामांच्या मराठीत 'हवं' हा शब्द नाही. ते 'होणा' म्हणतात. पाणी होणा, काफी होणा, असं. आम्हाला सवय झाली आहे. नवीन माणसाची मात्र पंचाईत होते.

एकदा पुण्याहून लेकीकडे आलेल्या एक बाई सहलीला होत्या. सत्तरीच्या, पण चालायला आमच्यापेक्षा चपळ. मे महिना होता. गुंफेतून बाहेर आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या. मामा अदबीनं पुढे झाले आणि त्यांनी विचारलं, "तुम्हांस काय होणा?"

बाई एकदम ताठ झाल्या. "मला काय होणार? चांगली धडधाकट आहे मी."

मामांना वाटलं आवाज कमी पडला. त्यांनी जरा मोठ्यानं, काळजीनं पुन्हा विचारलं, "तसं नव्हे, कांहीतरी होणा की नाही?"

त्या इतक्या रागावल्या की दुपारपर्यंत मामांशी बोलल्या नाहीत. शेवटी मी मध्ये पडून शब्दाचा अर्थ सांगितला. त्या ओशाळल्या, मग खूप हसल्या. संध्याकाळी परतीच्या वाटेवर टिफिनला थांबलो तर वेटर आधी त्यांच्याकडेच आला. बाईंनी चष्मा सावरला आणि ठणकावून सांगितलं, "मला दोन इडली होणा."

वेटरला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तरी दोन इडल्या आल्या.

*

एकदा एक इंजिनिअर आला होता. मूळचा साताऱ्याचा, चेन्नईत मेट्रोच्या बोगद्यावर काम करणारा. सहा दिवस जमिनीखाली काढतो आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा आमच्याबरोबर जमिनीखाली, म्हणून आम्ही त्याची खूप चेष्टा केली.

कांचीपुरमकडे एका लहानशा देवळात गाभाऱ्यामागे एक बंद दरवाजा आहे. तिथले म्हातारे गुरुजी सांगतात की त्यामागे भुयार आहे आणि ते थेट समुद्राकाठी निघतं. शत्रू आला तेव्हा राजा घोड्यावर बसून त्यातून निसटला होता. रावमामा हे सगळं मराठीत आणून सांगतात.

आमच्या इंजिनिअरला राहवेना. त्यानं विचारलं, एवढ्या लांब भुयारात हवा कुठून येत होती? मामांनी ते तमिळमध्ये नेलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, पाणी झिरपत असेल, त्याचा निचरा कसा केला? खोदलेली माती कुठे टाकली? आणि घोडा अंधारात चालला कसा? गुरुजी प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते मामांना काहीतरी म्हणाले.

मामा इंजिनिअरकडे वळले. "गुरुजी विचारतात, तुम्हीं सुद्धां भुयारच खणतां नव्हे?"

तो म्हणाला, हो.

"पुरें झालं का?"

तो म्हणाला, अजून नाही, काम चालू आहे.

गुरुजींनी दरवाजावर हात ठेवला आणि एवढंच बोलले. मामांनी ते आम्हाला सांगितलं, "म्हणतात, आमचं झालं."

*

एका आयटीवाल्या मुलीला सहलीतच साहेबाचा फोन आला. रविवारी. ती नेमकी गुंफेच्या तोंडाशी होती. तिनं सांगितलं की मी गुहेत चालले आहे, आता रेंज जाईल, आणि खरंच गेली. साहेबाचा काही विश्वास बसला नाही. बाहेर आल्यावर तिनं त्याला गुहेचा फोटो पाठवला.

दोन आठवड्यांनी त्याच साहेबाचा मला फोन आला. स्वतःसाठी एक सीट हवी होती. कुठे जाणार, जेवायला काय, गाडी एसी आहे का, यातलं त्यानं काहीच विचारलं नाही. एकच गोष्ट दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"तिथे रेंज नक्की नसते ना?"

*

आता केळीच्या पानाची गोष्ट. यात चूक माझी होती. मी आधी सांगायला हवं होतं.

तमिळ पद्धतीत जेवण झालं की पान आपल्याकडे मिटायचं. म्हणजे पोट भरलं, पुन्हा येऊ. पान पलीकडे मिटतात ते घरात कुणी वारल्यावरच्या जेवणात. आम्ही एका गावात एका अक्कांच्या घरी जेवायला जातो. त्या फक्त आमच्यासाठी रांधतात. वत्तकुळंबू म्हणजे चिंचेची दाट आमटी अशी करतात की भात संपला तरी माणसं पान सोडत नाहीत. त्या दिवशी नुंगंबाक्कमच्या बँकेतले एक मॅनेजर पोटभर जेवले, तृप्त होऊन उठले आणि जाताना पान व्यवस्थित पलीकडे मिटून गेले.

अक्का पान उचलायला आल्या आणि तिथेच थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले. आपल्या जेवणाला कुणी असं करावं हे त्यांना फार लागलं. तेवढ्यात रावमामा उठले आणि हात जोडून त्यांच्याशी तमिळमध्ये बोलायला लागले. बोलता बोलता अक्कांचा चेहरा बदलत गेला. शेवटी त्या चक्क हसल्या आणि मॅनेजरना आणखी एक वाटी पायसम घेऊन आल्या.

गाडीत मी विचारलं, मामा, काय सांगितलंत? ते म्हणाले की महाराष्ट्रात पान पलीकडे मिटतात ते यजमानाची कीर्ती दूर दूर जावी म्हणून, आणि तो मान फार थोड्यांना मिळतो, असं सांगितलं.

मी म्हटलं, पण हे खोटं आहे.

"आजपावेतों होतं, मा," मामा म्हणाले.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर जेवण संपताना अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी मामांकरवी सगळ्यांना सांगितलं की लाजू नका, तुमच्या पद्धतीप्रमाणे पान पलीकडे मिटा, मला त्याचा अर्थ माहीत आहे. मंडळी गोंधळली. मी खुणेनं 'मिटा' म्हटलं. बाराच्या बारा पानं पलीकडे मिटली गेली.

त्यात कोल्हापूरचे एक रिटायर्ड हेडमास्तर होते. बाहेर हात धुताना ते शेजारच्याला सांगत होते, "आमच्याकडे पूर्वापार हीच पद्धत आहे. हल्लीच्या पोरांना माहीत नसते."

*

जोगळेकर काका आणि शुभाकाकू आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. काका संरक्षण खात्याच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झाले. दोघं माझ्या जवळजवळ प्रत्येक सहलीला येतात, पण काका आत कधीच येत नाहीत. गुंफा असो की तळघर, ते बाहेर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळतात. गुडघा दुखतो, ऊन लागलंय, कुणीतरी बाहेर हवंच, असं काही ना काही कारण असतं. आधी मला वाटायचं काकांना फक्त खाण्यात रस आहे.

पण परतताना गाडीत ते काकूंना खोदून खोदून विचारायचे. खांब किती होते? छत एकसंध होतं का? दगड जोडलेले होते तर सांधा कसा होता? काकू म्हणायच्या, मला नाही बाई त्यातलं कळत. मग काका खिडकीबाहेर बघत बसायचे.

एकदा काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. वेलचेरीत मोठा पूर आला तेव्हा काका स्कूटर काढायला बेसमेंटमध्ये गेले होते. रॅम्पवरून पाणी आत घुसलं आणि दिवे गेले. वॉचमननं त्यांना बाहेर काढलं तेव्हा पाणी छातीच्या वर होतं. तेव्हापासून ते कुठेही खाली उतरत नाहीत. स्कूटरसुद्धा रस्त्यावर लावतात. "त्यांना विचारू नकोस," काकू म्हणाल्या. मी कधी विचारलं नाही.

कांचीपुरमजवळ एका गावात पायऱ्यांची विहीर आहे. पायऱ्या उतरत गेलं की जमिनीखाली दगडी मंडप लागतो आणि मंडपाच्या मधोमध विहीर. वर्षभर हे सगळं पाण्याखाली असतं. चित्रा पौर्णिमेला, म्हणजे आपल्या चैत्री पौर्णिमेला, देव पालखीतून खाली उतरतो, त्यासाठी पाणी उपसतात आणि मग थोडे दिवस आपल्यालाही जाता येतं. यंदा आम्ही गेलो तेव्हा मंडपात घोट्याएवढं पाणी होतं आणि विहिरीभोवती दोर बांधला होता. काका नेहमीप्रमाणे वर चपलांपाशी थांबले.

मामांची गोष्ट झाली आणि मंडळी एकेक करून वर गेली. मामाही गेले. काकू मात्र आतल्या बाजूला एका खांबाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, चला काकू, सगळे गेले. त्या म्हणाल्या, थांब जरा.

वरून काकांची हाक आली. "शुभा!"

मी ओ द्यायला तोंड उघडलं तर काकूंनी माझं मनगट धरलं. घट्ट.

पुन्हा हाक आली. मग तिसरी. तिसऱ्या हाकेला काकांचा आवाज वेगळाच होता. मी कुजबुजले, काकू, ते घाबरलेत. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. मनगट काही त्या सोडेनात.

मग पायऱ्यांवर पाऊल वाजलं. एक वाजलं आणि थांबलं. बराच वेळ काहीच नाही. मग दुसरं. मी मोबाइलचा टॉर्च पायऱ्यांकडे धरला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. भिंतीला एक हात धरून काका खाली आले, पाण्यात उतरले, आणि पँट वर न करता तसेच खांबापर्यंत चालत आले. त्यांना दम लागला होता.

"केव्हाच्या हाका मारतोय मी," ते म्हणाले.

काकूंनी माझं मनगट सोडलं. "अगंबाई, हो का? अहो, इथं खाली काही ऐकूच येत नाही."

मग त्यांनी काकांचा हात धरून खांबावर ठेवला. "हा सांधा बघा बरं कसा आहे. मला काही कळत नाही."

काकांचा अंगठा दगडावरून सावकाश फिरायला लागला.

तेवढ्यात वर, पायऱ्यांच्या पार तोंडाशी बसलेले रावमामा हळूच खोकले. तो खोकला आम्हा तिघांनाही अगदी कानाजवळ ऐकू आला.

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू खांबाकडे बघत होत्या.