सालीदेठांचं सूप

पुतळी रोह्याच्या एका खानावळीत भाज्या चिरायला जायची. निडी गावच्या घरून सकाळच्या गाडीने यायचं, चारच्या सुमारास परत. खानावळीत रोज टोपलीभर फेकायची भाजी निघे. दुधीच्या साली, फ्लॉवरचे दांडे, कोबीची वरची पानं, कोथिंबिरीच्या काड्या. मालकाला विचारून ती त्यातलं निवडक पिशवीत भरून घरी न्यायची आणि सासूसाठी त्याचं सूप करायची.

सासू, बायजाबाई, लकव्याने अंथरुणाला खिळली होती. घास घशाखाली उतरेना. डॉक्टर म्हणाले, पातळच द्या, पण ताकदीचं. पुतळीचा नवरा विठू कंपनीत कंत्राटावर होता. तो म्हणाला, "डब्यातली पावडर मिळते, आणू?"

"नको. मी बघते," पुतळी म्हणाली.

दांडे ठेचून, साली स्वच्छ धुऊन ती कुकरला चार शिट्ट्या काढायची. त्यात आदल्या रात्रीचं उरलेलं वालाचं बिरडं आणि मूठभर शिळा भात घालून मिक्सरमधून काढायची, गाळायची, वर जिरं-लसणीची फोडणी द्यायची. चार पैसे वाचत होते हे खरं, पण ती ते करत होती वेगळ्याच कारणाने.

बावीस वर्षांपूर्वी ती पेणकडच्या खाडीकाठच्या मिठागरातल्या घरातून या भातशेतीवाल्या घरात आली होती. पहिली काही वर्षं सगळ्यांची जेवणं झाल्यावर ताटांत जे उरेल ते तिचं जेवण. काही उरलं नाही तर नाही.

आता ती वाटी घेऊन बायजाबाईंच्या उशाशी बसायची. "आई, ही साल हाय बरं. लोक म्हशीला घालतात ती. आणि हे रातचं उष्टं." बायजाबाई तोंड फिरवायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. पुतळी चमचा तसाच धरून थांबायची. भुकेने तोंड आपोआप उघडेपर्यंत.

एवढं असून सूप मात्र चवदार व्हायचं. वाईट करायला तिचा हात वळतच नव्हता.

वर्षभराने बायजाबाईंची आठवण जायला लागली. एक दिवस त्यांनी पुतळीकडे टक लावून पाहिलं. "तू कुणाची गो? देव भलं करो तुझं. किती मायेने भरवतेस."

पुतळीने पुढचा चमचा भरला.

"माझी सून अशी नाय. मिठागरवाली ती. पोटुशी होती तेव्हा तव्यावरची भाकर चोरून खाल्लीन. मी पकडली. तिच्या भातात मूठभर मीठ कालवलं. म्हटलं, मिठागरातली ना तू? खा आता. सगळा भात खाल्लान गो! रातभर पाणी पीत होती." वाकड्या तोंडाने बायजाबाई हसत सुटल्या.

विठू शिफ्टला निघाला होता, हातात डबा. दारातून तोही हसला. "बघ, सगळं विसरली, पण हे बरं आठवतंय म्हातारीला!"

तो गेल्यावर पुतळी उठली आणि अर्धी भरलेली वाटी मोरीत ओतली. वाटीकडे पुढे केलेला बायजाबाईंचा धड डावा हात हवेतच राहिला.

पुढचे तीन दिवस पुतळीने त्याच वाटीतून नुसतं कोमट पाणी भरवलं. "आज चव नाय गो," बायजाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्या नुसत्या छताकडे पाहत होत्या. विठूची रात्रपाळी चालू होती. तो दिवसभर झोपायचा, त्याला काही कळलं नाही.

चौथ्या दिवशी पुतळी पुन्हा पिशवी भरून घेऊन आली. दया आली म्हणून नाही. म्हातारी मेली तर सुटेल, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने कुकर लावला.

बायजाबाई आणखी दीड वर्ष जगल्या. गाल भरले, अंगावर तकाकी आली. शेवटपर्यंत त्या पुतळीला परकी समजून आशीर्वाद देत राहिल्या आणि तो मिठाचा किस्सा दर आठवड्याला हसून सांगत राहिल्या. पुतळी ऐकत भरवत राहिली.

दहाव्याला रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून नणंद वैशाली आली. पुतळीच्या गळ्यात पडून रडली. "तुझ्या सुपावर आई जगली, वहिनी. मी पोटची असून एवढं केलं नसतं."

"व्हय," पुतळी म्हणाली.

"मला शिकव ना गो. कसं करतेस?"

पुतळीने सांगितलं. साली नीट धुवायच्या, मीठ कमी, शिळा भात घातला की दाटपणा येतो.

त्यानंतर तिने खानावळीतून पिशवी आणणं बंद केलं. थंडीत विठूला खोकला झाला. गोधडी पांघरून बसल्या बसल्या तो म्हणाला, "आईला करायचीस ते सूप कर की मला वाटीभर."

पुतळी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमाला अजून चावता येतंय," ती म्हणाली.