ज्ञानोबाची थुंकी आणि साहेबांचं पान

"याच्या तोंडातून जंतू सांडतात, बाई. उद्यापासून हा गेटवर," साठे साहेब म्हणाले. तेही फिलिंगच्या, म्हणजे बाटल्या भरायच्या खोलीच्या दारात उभं राहून, मास्क न लावता, तोंडातलं पान सांभाळत.

चिंचवडची आमची छोटी कंपनी इंजेक्शनच्या बाटल्या भरायची. साठे मॅनेजर. मी बॅक्टेरिऑलॉजिस्ट, म्हणजे जंतू वाढवून बघणारी. ज्ञानोबा पुनावळ्याचा, फिलिंगवरचा सगळ्यांत स्थिर हात. त्याच्या गालात आतून पांढऱ्या जाळीसारखे चट्टे होते, कित्येक वर्षांचे. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे दुसऱ्याला होत नाही. पण साहेबांना पटेना.

"गेटवर न्हाई बसनार, बाई," ज्ञानोबा म्हणाला. "गावात काय सांगू? तोंड सडलं म्हनून काढलं?"

मला वाईट वाटलं. म्हटलं, थुंकी तपासू. काचेच्या उथळ बशीत जंतूंचं खाद्य थिजवतात, तिला आम्ही प्लेट म्हणतो. तिच्यावर थुंकी पसरायची नि उबेत ठेवायची. जंतू वाढले की ठिपके दिसतात.

ज्ञानोबाची प्लेट जवळजवळ कोरी निघाली. तशीच साहेबांपुढे ठेवली असती तर विषय मिटला असता. पण जित्याजागत्या माणसाची थुंकी अशी नसते हो.

"ज्ञानोबा, येताना काय केलंत?"

"हिरीत टाकत्यात त्या लाल औशदाच्या पान्यानं चुळा भरल्या. तुमच्याम्होरं उष्टं तोंड घिऊन यायचं व्हय?"

"मी काय देव आहे? उद्या पारोशा तोंडानं या."

आला बिचारा, तोंडावर हात धरून, चोरासारखा.

तुलनेला निरोगी तोंड हवं होतं. "माझं घ्या," साहेब म्हणाले. "रोज दोनदा दात घासतो."

या खेपेला ज्ञानोबाच्या प्लेटवर जंतूंची जातकुळी खरंच वेगळी दिसली. एरवी सगळ्यांच्या तोंडात असणारे काही कमी, काही भलतेच जास्त. चट्ट्यांमुळे जंतू बदलले की जंतूंमुळे चट्टे आले, ते मला सांगता येईना. साहेबांची प्लेट मात्र बाजाराच्या दिवशीचं चाकण.

"बघा, फरक आहे ना?" साहेब म्हणाले.

"आहे. पण बाटलीत कुणाचं पडतं, ते बघू."

दोन नव्या प्लेटा उघडल्या. दोघांनी आपापल्या प्लेटसमोर बेचा पाढा म्हणायचा, नेहमी खोलीत असतात तसंच राहून. म्हणजे ज्ञानोबा मास्क बांधून आणि साहेब उघड्या तोंडानं. पाढा साहेबांनी फारच खणखणीत म्हटला.

दोन दिवसांनी ज्ञानोबाच्या प्लेटवर तुरळक ठिपके होते. साहेबांची प्लेट गच्च. त्यांनी ती उजेडाकडे धरली, खाली ठेवली, बाहेर जाऊन पान थुंकून आले.

"बाई, ते मास्क कुठं ठेवता तुम्ही?"

ज्ञानोबा फिलिंगवरच राहिला. चट्टे काही गेले नाहीत, तिखट तेवढं सुटलं. साहेब दारात दिसले की हातातलं काम न थांबवता तो म्हणायचा, "सायेब, फडकं." आणि साहेब निमूट बांधायचे.

कोरं तोंड कुणाचंच नसतं. ज्याला बोलायची सवय जास्त, त्यानं आधी झाकावं.