वर गुंडाळलेली कनात

इंग्रजांच्या राज्यात, महायुद्धाच्या काळात माझे पती केनवडच्या शाळेत शिक्षक होते. लढाईची वर्गणी ऐच्छिक आहे, सक्तीची नाही, एवढेच त्यांनी विचारायला आलेल्या दोघा शेतकऱ्यांना शाळेच्या ओट्यावर सांगितले होते. पोलिसांनी मात्र भर बाजारात सरकारविरोधी भाषण केल्याचा खटला त्यांच्यावर भरला. शिक्षा झाली असती तर तुरुंग होताच. शिवाय शाळेचे दार त्यांना कायमचे बंद झाले असते.

न्यायाधीश दौऱ्यावर आले आणि गावाबाहेरच्या आमराईत तंबूत कचेरी भरली. गर्दी नको म्हणून पोलीस जमादाराने तंबूच्या चारही बाजूंच्या कापडी कनाती खाली सोडल्या होत्या. आम्ही सारे बाहेर ताटकळत उभे. तेवढ्यात आतून न्यायाधीशांचा आवाज आला, "इथले काम लोकांना दिसले पाहिजे. कनात वर करा."

शिपायांनी समोरची कनात गुंडाळली. साक्षीला आमच्या शेजारचा सुतार उभा होता. त्याने वळून पाहिले, तर अर्धे गाव समोर आणि सर्वांत पुढे त्याची चुलती.

"काहून रे," ती म्हणाली, "त्या बाजाराच्या दिवशी तं तू माह्या घरी दार बसवून राह्यला होता! भाषण काय भिंतीतून आयकलं?"

लोक हसले. न्यायाधीशांनी हात वर केला. "बाई, तुम्ही बोलायचे नाही. पाहायला मनाई नाही." मग ते सुताराकडे वळले. "हं, तुम्ही काय ऐकले?"

सुताराने हात जोडले. "साहेब, मी बाजारात गेलोच नव्हतो. जमादारानं सांगतलं तसं बोलाले आलो. पन या साऱ्याइच्या समोर कसं बोलू?"

दुसऱ्या साक्षीदाराचा पुकारा झाला, तेव्हा तो आमराईत कुठेच सापडला नाही.

माझे पती निर्दोष सुटले. वर्गणी ऐच्छिक असल्याचे सांगणे हा गुन्हा नव्हे, हेही न्यायाधीशांनी निकालात स्पष्ट केले. ते परक्या सरकारचे नोकर होते, हे मी विसरत नाही. त्यांनी आमच्यावर मेहेरबानी केली नाही; न्यायालय उघडे असावे, हा आधीपासूनचा नियम फक्त पाळला. नागरिकांचे स्वातंत्र्य पुष्कळदा एवढ्यावरच टिकते, असे मी पुढे मुलींच्या शाळेत शिकवताना सांगत असे.

बाहेर येताच पतींनी विचारले, "अगं, शाळेची किल्ली आणलीस का?"

"अहो, आधी घरी तरी चला!"

किल्ली माझ्या पदराला होती. ती दुसऱ्या मास्तरांच्या हाती द्यावी लागेल या धास्तीने मी गाठ इतकी घट्ट मारली होती, की ती सुटेना. शेवटी त्यांनीच ती दातांनी सोडवली.