अर्जातलं कारण

गेल्या तीन वर्षांत मी रजेच्या अर्जांत इतक्या वेळा आजारी पडले, की ते सगळे एकत्र वाचले असते तर कुठल्याही डॉक्टरने मला सरळ भरतीच करून घेतलं असतं. व्हायरल, पोट बिघडलं, कंबर धरली, पुन्हा व्हायरल. खरं कारण एकच होतं. सकाळी उठून अंगावर कपडे चढवायचंसुद्धा बळ नसायचं. गोळ्या चालू होत्या. त्यासाठी डॉक्टरही मुद्दाम लांबचा, अमीनाबादच्या गर्दीतला गाठला होता, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

मी लखनौच्या एका संशोधन संस्थेत काम करते. नमुने तपासायचं एक मोठं यंत्र अकरा वर्षं माझ्या ताब्यात होतं. दारातूनच त्याचा आवाज ऐकून मला कळायचं, आज याचं काय बिनसलंय. घरी मी कशीही असले, तरी त्या खोलीत माझा शब्द चालायचा.

गेल्या जुलैत मला पाच दिवस रजा हवी होती आणि थापा मारायचा वीट आला होता. आमचे विभागप्रमुख वर्ध्याचे. चारचौघांत हिंदी, पण दार लोटलं की मराठी, आणि मग मी ‘मॅडम’ची ‘ताई’ व्हायची. हिंदीत मी निर्लज्जपणे ‘तबीयत ठीक नहीं है सर’ म्हणून मोकळी झाले असते. मराठीत मात्र जीभ रेटेना. म्हटलं, आपला माणूस आहे. सांगून टाकलं, “सर, डिप्रेशन आहे मला. औषधं घेतेय.” अर्जातही तेच लिहिलं, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं.

त्यांचे डोळे भरून आले. “बरं केलंत ताई, सांगितलंत. अगदी घरचंच समजा.”

त्यांनी खरंच घरचं समजून घरी सांगितलं. लखनौत मराठी घरं ती किती! गणपतीत मंडळात गेले, तर आरतीनंतर त्यांच्या पत्नीने माझे दोन्ही हात धरले आणि ध्यान करायला सांगितलं. एकीने अश्वगंधा सुचवली. मोदक वळायला बसले, तर “तुम्ही नका हो, तुम्ही नुसत्या बसा,” म्हणून माझ्या पुढ्यातली उकड उचलून नेली. आणि एकीने माझ्या मुलीला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “आई घरी ओरडते का गं?”

रजेनंतर हजर व्हायला फिटनेस सर्टिफिकेट लागतं, ते मी दिलं होतं. त्यावर मी फिट असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी दिवाळीच्या तोंडावर यंत्राचा चार्ज दुसऱ्याकडे गेला. “तुमच्याच काळजीपोटी ताई. उगाच डोक्याला टेन्शन कशाला?” मला भयंकर राग आला. पण रागावले असते, तर तेही त्या आजाराच्याच खात्यात गेलं असतं. म्हणून मी हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

आता मी ग्रंथालय समितीवर आहे. समितीची बैठक होत नाही. दिवसभर खुर्चीत बसून असते, आणि बरं व्हायचं ते तरी कशासाठी, हे मला खरोखरच कळत नाही. त्या खोलीवरून जाताना यंत्राचा आवाज येतो. त्याचा पंप बिघडत चाललाय. मी कुणाला सांगितलेलं नाही.

नवऱ्याची बदली गोरखपूरला झाल्यापासून घरात आम्ही दोघीच. मुलगी अकरावीत आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. परवा बाहेर दाट धुकं होतं. शाळेची वेळ झाली, तरी ती रजईत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

“आई, एप्लिकेशन लिख दो ना. आज नहीं जाऊँगी.”

“काय होतंय?”

“बुखार लिख दो.”

मी कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. “ताप नाहीये गं.”

“पता है. पर सच मत लिखना. आपने लिखा था ना.”

मी वही ओढली. सेवा में, प्रधानाचार्या महोदया, सविनय निवेदन है कि मेरी पुत्री को कल रात से तेज़ बुखार है. एकदाही खाडाखोड झाली नाही, हात सरावलेला होता. सही केली, घडी घातली, कागद तिच्या हातात दिला. आणि एवढं सगळं उरकल्यावर मला विचारायचं सुचलं, “कधीपासून?”

“दिवाली से,” ती म्हणाली.