सेक्रेटरीनं अडवलेला उजेड

आमच्या चारकोपच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीला मी माफ केलेलं नाही. करणार पण नाही.

बायको शेवटची आजारी होती तेव्हा गॅलरीत सकाळच्या उन्हात पाय टाकून बसायची. तेवढंच तिला बरं वाटायचं. ह्यानं स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आमच्या ग्रिलवर बांधला. हात जोडलेले, दात काढलेले. सांगायला गेलो तर म्हणाला, "काका, दोन दिवस ओ." वाढदिवस झाला, फ्लेक्स तिथंच. मी सुरी घेऊन उठलो तर हिनं हात धरला. "राडो नको. तेका नीट सांगा, माझो उजेड सोड म्हणान." सांगितलं. तो हसला. ती त्या फ्लेक्समागे, काळोखातच गेली.

मुलगी लॅबमध्ये आहे. उजेडावर करंट देणारं प्लास्टिक बनवतात. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून तिनं चहा पिता पिता सोपं करून सांगितलं. त्या प्लास्टिकात लांब लांब साखळ्या असतात, गुंतलेल्या. मखमलीनं एकाच दिशेला घासलं की विंचरलेल्या केसांसारख्या सरळ होतात. उजेड पडला की इलेक्ट्रॉन जागचा उठतो, मागे रिकामी जागा राहते. दोघं एकमेकांना धरून फिरतात. दुसऱ्या थराच्या कडेला पोचली की जोडी फुटते, एक इकडे, एक तिकडे.

"जोडी फुटल्याशिवाय करंट नाय?"

"नाय, बाबा."

ते मला लगेच कळलं.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत तिनं ते दाखवायचं ठरलं. दिवा, पुढे काळी काच, मग त्या प्लास्टिकची पट्टी, मग काट्याचा मीटर. काच एकाच दिशेनं थरथरणारा उजेड सोडते. तो साखळ्यांच्या रेषेत असला तर काटा चढतो, आडवा पडला तर उतरतो. सेक्रेटरी फोटोसाठी दिव्याला चिकटून उभा, हातात माइक. ती वायर जोडत होती तेवढ्यात मी काच आडवी फिरवली.

"बघा, आपल्या सोसायटीची वीज," तो म्हणाला. काटा जेमतेम हलला.

"दादा, तुमच्या टाकीच्या पाण्यासारखीच दिसते, थेंब थेंब," मागून एक बाई म्हणाली. सगळे हसले.

मुलीनं काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाटलं, आता चारचौघांत झापणार. तिनं काचेवर हात ठेवला आणि त्याला म्हणाली, "दादा, बाजूला व्हा. उजेड सोडा."

तो माइक घेऊन मागे सरकला. तिनं हाताखालीच काच सरळ केली. काटा चढला. आड कोण येत होतं ते सगळ्या बिल्डिंगनं बघितलं.

घरी येऊन हिच्या फोटोला सांगितलं, उजेड सोडल्यान. पण माझं अजून भागलेलं नाही.