मागच्या चाकाचे चार स्पोक

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी बाबांना रोज काहीतरी मोजायला सांगितलं. दुसऱ्या कुणी जपमाळ धरली असती. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी सायकल धरली. राजाजीनगरच्या घराच्या व्हरांड्यात त्यांची वाकड्या हँडलची जुनी विलायती सायकल उभी असायची. नजर अधू झाली होती, म्हणून व्हॉल्व्हपासून सुरुवात करून ते चांगल्या हाताच्या अंगठ्याने एकेक स्पोक चाचपत. पुढे बत्तीस, मागे चाळीस. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे आठ जास्त. आकडा बरोबर आला की म्हणायचे, "जमतंय अजून." मग चहा.

मी तेव्हा इंदिरानगरला एका कॉम्प्युटर कंपनीत होतो. घरात काय चाललंय याकडे माझं काडीचंही लक्ष नसे. एका शनिवारी उगाच सायकल काढली आणि खड्ड्यात मागचं चाक पार वाकवलं. बाबांना कळायच्या आत चिकपेटमधलं सायकलचं दुकान गाठलं.

"नलवत्तु सिगल्ला सर, मूवत्तारु इदे," सायकलवाला कानडीत म्हणाला. चाळीसचं चाक मिळत नव्हतं, छत्तीसचं होतं.

"सरी, चालेल," मी म्हटलं. चार तारांनी काय बिघडतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पुढचं चाक मोजून मागच्याकडे वळले. छत्तीस. पुन्हा व्हॉल्व्ह, पुन्हा छत्तीस. तिसऱ्यांदा मोठ्याने मोजू लागले. मी दारात पेपर घेऊन उभा होतो. सगळं समजत होतं, पण आत काही हलत नव्हतं. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

"चार कुठेतरी गळतायत रे," ते म्हणाले.

तेव्हा सांगितलं, की चाक मी बदललंय, त्याला छत्तीसच आहेत.

ते हसले. "माझी समजूत काढू नकोस. या सायकलला मागे छत्तीस कोण बसवेल?"

सोमवारी ऑफिस बुडवून जुनं चाक आणायला गेलो. ते भंगारात गेलं होतं. सायकलवाला काहीतरी बोलत होता, मी मान हलवत होतो.

घरी आलो तर बाबा टेबलाशी बसले होते. घर आईच्या नावावर करायचे कागद त्यांनी काढायला लावले होते. "कळतंय तोवर सह्या करून टाकतो," ते म्हणाले, आणि मी त्यांना पेन आणून दिलं.